घरच्या लग्नाची फुलं: काय घरी करायचं, काय विकत आणायचं

डेकोरेटरच्या बिलात फुलांचा वाटा वाटतो तेवढा मोठा नसतो. सांगाडा, टेम्पो, रात्रभर जागून माळा बांधणारी पोरं, यांचेच पैसे जास्त होतात. म्हणून खर्च आटोक्यात ठेवायचा तर आधी मजुरी घरात आणायची. तीही निवडून. ज्या कामाला हात भरपूर लागतात पण कसब फारसं लागत नाही, ते घरी करावं: दाराचं तोरण, झेंडूच्या माळा, घंगाळातली फुलं, गौरीहराभोवतीची आरास.

वरमाला आणि गजरे मात्र फुलवाल्याकडेच सांगा, हे माझं ठाम मत. हाराचं वजन दोन्ही बाजूंना सारखं पडावं लागतं, गोंडा नीट बसावा लागतो आणि फोटोत सगळ्यात जवळून तोच दिसतो. मुंडावळ्या मोत्यांच्या घ्या, फुलांच्या मुंडावळ्या घामाने तासाभरात मान टाकतात.

आधी कार्यालयाला विचारा

काही मंगल कार्यालयांत सजावटीचं कंत्राट ठरलेलं असतं. बाहेरचं कुणी, म्हणजे तुमची मावसभावंडंसुद्धा, आरास करणार असतील तर वेगळे पैसे आकारतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या: खिळा ठोकता येतो का, भिंतीला चिकटपट्टी चालते का, शिडी मिळते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॉल हातात कधी येतो? आदल्या संध्याकाळी तिथे दुसऱ्यांचं रिसेप्शन असेल तर तुमच्या हाती रात्रीचे अकरा ते पहाटेचे पाच एवढंच उरतं. तसं असेल तर माळा घरी ओवून न्यायच्या आणि तिथे फक्त टांगायच्या.

तीन जागा ठरवा

अख्खा हॉल भरायला जाऊ नका. प्रवेशद्वार, बोहल्यामागचा पडदा आणि गौरीहर, एवढ्या तीन जागा भरगच्च केल्या की पाहुण्यांना सगळीकडे फुलं दिसल्यासारखं वाटतं. जेवणाच्या टेबलांवर फुलं नकोतच. पंगत बसली की ती बाजूला सारली जातात.

मागच्या पडद्यासाठी आजीचं जुनं नऊवारी किंवा एकरंगी सुती साडी काढा. सांगाडा मांडववाल्याकडून भाड्याने घ्या, त्यावर साडी चुण्या घालून लावा आणि वरून मोजक्या माळा सोडा. फुलांची भिंत करण्याचा सोस महागात पडतो, आणि माझ्या डोळ्यांना साडीच जास्त शोभून दिसते.

मोजल्याशिवाय बाजारात जाऊ नका

"दहा किलो झेंडू पुरे होईल ना?" या प्रश्नाला फुलवाला नेहमी "पंधरा घ्या" म्हणतो. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी कोपऱ्यावरून पाव किलो झेंडू आणा, घड्याळ लावून ओवा आणि माळ टेपने मोजा.

समजा माळ साडेतीन फूट भरली आणि पंधरा मिनिटं लागली. म्हणजे किलोला १४ फूट आणि एक तास. आता जागा मोजा. दार ७ फूट उंच, ५ फूट रुंद असेल तर दोन बाजू आणि वरचा भाग मिळून १९ फूट. बोहल्यामागे १० फूट रुंदीत फुटाफुटावर माळ सोडली तर ११ माळा, प्रत्येकी ६ फूट, म्हणजे ६६ फूट. एकूण ८५. त्याला साधारण ६ किलो लागतील. चिरडलेली, ओली, बारीक फुलं वगळावी लागतात, म्हणून पाव हिस्सा वाढवून ८ किलो आणा. आणि सहा तासांचं काम चार माणसांना दीड तासाचं होतं, हेही आधीच कळतं.

या चार माणसांत नवरीला धरू नका. तिच्या हातावर मेंदी असणार.

ऋतू आणि बाजार

तारीख ठरली की फुलं जवळजवळ आपोआप ठरतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत शेवंती, अष्टर, झेंडू चांगले मिळतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना मागणी वाढते, त्यामुळे बुधवारी आणि गुरुवारी भाव चढे असतात. डच गुलाब फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाळाच. १४ फेब्रुवारीसाठी मावळातल्या हरितगृहांतला माल परदेशी जातो आणि इथेही मागणी वाढते. एप्रिल-मे मोगऱ्याचे महिने. उन्हाळ्यातल्या लग्नात गजऱ्यांवर हात सैल सोडायला हरकत नाही, गुलाबावर नको. तळकोकणात लग्न असेल आणि सुरंगीचा हंगाम चालू असेल, तर वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, सोडून दुसरं काही शोधू नका.

पुण्यात गुलटेकडीचं मार्केट यार्ड, मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेचा फूलबाजार, दोन्हीकडे पहाटेच जावं. झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी म्हणजे निशिगंध किलोवर मिळतो. डच गुलाब २० च्या गड्डीत, जरबेरा, लिलियम जुडीने. वर्तमानपत्रांत बाजारभावाच्या रकान्यात फुलांचे भाव छापून येतात. दोन-तीन आठवडे ते पाहत राहा, म्हणजे तुम्हाला सांगितलेला भाव चढा आहे की रास्त, हे तिथल्या तिथे कळेल. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी तो चढा असणारच, त्यावर फार हुज्जत घालू नका.

घेताना झेंडू मुठीत हलकेच दाबून बघा. ताजं फूल घट्ट लागतं आणि हिरवा देठ चिकट नसतो. पाण्याने निथळणारी करंडी घेऊ नका. वजनात पाण्याचे पैसे जातात आणि रात्रीत फूल काळं पडतं.

रात्रभर टिकवायचं कसं

बहुतेक घरांत गडबड होते ती इथे. झेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की आतून तापतो आणि सकाळी वास मारतो. घरी आल्याआल्या पंख्याखाली ओलसर सुती कापडावर किंवा गोणपाटावर पसरा, ढीग करू नका, पाणी शिंपडायचं तर नुसता हबका मारा.

दांडीच्या फुलांना उलट पाणी हवं. गुलाबाच्या दांड्या धारदार सुरीने तिरप्या कापा, पाण्यात बुडतील ती पानं खुडा आणि स्वच्छ बादलीत काही तास ठेवा. बाहेरच्या दोन-तीन जाड पाकळ्या डागाळलेल्या दिसल्या तरी राहू द्या, आतल्या जपल्या जातात; सकाळी मांडताना काढा. जरबेराला मात्र दोन बोटं पाणी पुरे, जास्त पाण्यात त्याची लवदार दांडी सडते. मोगऱ्याच्या कळ्या केळीच्या पानात किंवा ओल्या मलमलीत गुंडाळून फ्रिजमध्ये.

लग्नघरात केळीचे घड आणि आंब्याच्या पेट्या ज्या खोलीत असतात, तिथे फुलं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून जो वायू सुटतो त्याने फुलं लवकर कोमेजतात. फ्रिजमध्येही तेच.

ओवणं आणि टांगणं

हार ओवायची लांब सुई फूलबाजारातच मिळते. दोरा सुती, दुहेरी. नुसती गाठ मारली तर पहिलं फूल त्यातून सुटून येतं, म्हणून टोकाला देठाचा छोटा तुकडा आडवा बांधा. झेंडूचा देठ खुडताना खालची हिरवी वाटी फाटू द्यायची नाही; सगळ्या पाकळ्या तिच्यातच धरलेल्या असतात, ती फाटली की हातात नुसता चुरा येतो. सुई त्या वाटीतूनच घालून बरोबर मधून बाहेर काढा. कडेने घातली तर माळ टांगल्यावर फुलं वाकडी होतात.

सहा फुटांपेक्षा लांब माळ एका दमात ओवू नका, गुंता होतो. दर चार-पाच फुलांमागे दुमडलेलं आंब्याचं पान घातलंत तर फुलं कमी लागतात आणि माळ उठूनही दिसते.

टांगताना वर आडवी सुतळी ताणून बांधा आणि प्रत्येक माळेला त्यावर स्वतंत्र गाठ द्या. झेंडूची माळ जड असते, चिकटपट्टीवर विसंबू नका. दांड्या खोचायच्या हिरव्या फोमचाही खर्च नको. पितळी घंगाळात पाणी भरून तोंडाला जाळीची तार घट्ट बसवा आणि तिच्यात दांड्या खोचा. लिलियम आणलं असेल तर उमलताच त्यातले तपकिरी परागकोश चिमटीने काढून टाका. शालूला लागले तर डाग निघत नाही.

गजरे, वेण्या आणि वरमाला सकाळी कुणी आणायच्या, हे एका माणसाला नावानिशी सांगून ठेवा. "कुणीतरी आणेल" असं ठरलं की मुहूर्ताला दहा मिनिटं असताना चार जण एकमेकांना फोन करत असतात.

बोहल्यावरच्या माळा संध्याकाळी उतरवताना चांगल्या निवडून गार जागी पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाच्या चौरंगाला नवी फुलं आणावी लागत नाहीत. उरलेल्यांतले दोरे, तारा काढून फुलं खताच्या खड्ड्यात किंवा पालिकेच्या निर्माल्य कलशात टाका, आणि भाड्याचा सांगाडा त्याच रात्री मांडववाल्याच्या ताब्यात द्या, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं लागतं.