एका पानासाठी २०१ क्वेरी

ऑर्डरच्या यादीचं पान उघडायला फार वेळ लागायचा. मी आधी सर्व्हरवर संशय घेतला. मग जँगो डीबग टूलबार (पायथॉनच्या जँगो या वेब-चौकटीत, पानासाठी डेटाबेसला गेलेल्या क्वेरी म्हणजे विचारणा दाखवणारं साधन) लावला आणि कारण दिसलं: २०० ऑर्डर, आणि प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव आणायला स्वतंत्र क्वेरी. यादीची धरून २०१! ओआरएम (पायथॉन कोडवरून क्वेरी बनवणारा जँगोचा भाग) सोडून सगळं एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) हाताने लिहायला निघालो होतो, पण ओआरएममधलंच ‘सिलेक्ट रिलेटेड’ जोडताच ऑर्डर आणि ग्राहक या तक्त्यांचा जॉइन (जोड) होऊन एकच क्वेरी उरली. ऑर्डरमधल्या वस्तूंसाठी ‘प्रीफेच रिलेटेड’ लागलं. त्याची वेगळी क्वेरी जाते, पण एकदाच.

महिनावार चालती बेरीज मात्र मी थेट एसक्यूएलमध्येच लिहिली. त्यासाठीचं विंडो फंक्शन (आसपासच्या ओळी धरून प्रत्येक ओळीचा हिशेब करणारं) तसं वाचायला मला सोपं जातं. तारखा क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, चिकटवल्या नाहीत, पॅरामीटर म्हणून वेगळ्या पाठवल्या. नाहीतर एसक्यूएल इंजेक्शनला (बाहेरून आलेल्या मजकुरातून घातक एसक्यूएल घुसवण्याला) दार उघडंच.