देव कसा आहे हेच चुकलं, तर? या चुका टाळा

सकाळची प्रार्थना राहून गेली आणि त्याच दिवशी गाडी पंक्चर झाली. मनात पहिला विचार आला, 'बघ, देवानं दाखवून दिलं!' कित्येक वर्षं मी असाच हिशोब लावायचो. तोंडी 'स्वर्गातील पिता', पण डोक्यात हजेरीपट घेऊन बसलेला मुकादम.

चूक पहिली: पित्याला मुकादम समजणं

सगळ्यात खोल रुतलेली चूक हीच. बायबलमधल्या मत्तय 25 मधला तिसरा दास आठवा. धन्यानं परगावी जाताना तीन दासांकडे पैसे सोपवले होते. धनी कठोर आहे, असं त्यानं मनाशी धरलं आणि भीतीपोटी मिळालेली रक्कम जमिनीत पुरून टाकली. धन्यानं त्याला आळशी म्हटलं खरं, पण त्या आळसाच्या मुळाशी धन्याविषयीचा समज होता. आपलंही तसंच होतं. चुकेन म्हणून सेवा अंगावर घ्यायची नाही, पुरणार नाही म्हणून दान देताना हात आखडायचा, लोक काय म्हणतील म्हणून कुणापुढे पाप कबूल करायचं नाही.

ही चूक ओळखायची एक खूण आहे. पाप घडल्यावर प्रार्थनेला बसायला किती दिवस लागतात? दोन-तीन दिवस नीट वागून मगच गुडघे टेकत असाल, तर मुकादम अजून डोक्यात आहे.

उपाय म्हणून लूक 15 मधलं 19वं आणि 21वं वचन शेजारी ठेवून वाचा. आपला वाटा उधळून घरी परत निघालेल्या धाकट्या मुलानं बापापुढे काय बोलायचं ते जुळवून ठेवलेलं असतं. त्यातलं शेवटचं वाक्य, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. प्रत्यक्षात ते त्याच्या तोंडून निघतच नाही; बाप झगा आणायला सांगून मोकळा होतो. म्हणून पडलात, तर त्याच संध्याकाळी जा. शब्द जुळवत बसू नका.

चूक दुसरी: सोयीचा गुण तेवढा उचलणं

निर्गम 34:6-7 मध्ये देव इस्राएलांचा पुढारी मोशे याला स्वतःची ओळख सांगतो. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केल्याचं प्रकरण अजून ताजं असतं. दयाळू, क्षमा करणारा आणि तरीही अपराध्याला तसाच न सोडणारा, हे सगळं एका दमात येतं. यातलं पहिलं अर्धं स्वतःला आणि दुसरं शेजाऱ्याला लावायची आपल्याला भारी खोड!

चूक तिसरी: पाठ आहे म्हणजे कळलं, असं मानणं

योना या संदेष्ट्याला देवाची ही ओळख तोंडपाठ होती. योना 4:2 मध्ये तो जवळजवळ तेच शब्द म्हणून दाखवतो, पण तक्रार म्हणून. देव मंदक्रोध, म्हणजे लवकर न रागावणारा आहे, तो निनवे या शत्रूच्या शहराला क्षमा करेल, हे ठाऊक होतं म्हणूनच तर देवानं तिथं जायला सांगितल्यावर तो पळाला होता.

'मंदक्रोध'साठी मूळ हिब्रू शब्दांचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो. देवाचं नाकच एवढं लांब, की राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, असं मी आपलं समजतो. घरी एकदा हे सांगून बसलो. तेव्हापासून माझा आवाज चढला की लेक एवढंच म्हणते, "बाबा, नाक!"