उन्हाळ्यात अंगणात बैठक कशी करावी: सजावट नंतर, आधी पश्चिम झाका

चैत्रगौरीचं हळदीकुंकू, अक्षय्य तृतीया, सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी, लग्नाचं बोलायला येणारी मंडळी. मराठवाड्यात घरी माणसं येण्याचा खरा मोसम उन्हाळाच. घरात कूलरसमोर किती जण बसणार? मग अंगण किंवा गच्ची सजवायची ठरते. सल्ले बघायला जावं तर गालिच्यासारखी हिरवळ, वेताचे सोफे, पांढऱ्या गोट्यांचे वाफे आणि कारंजं. हे सल्ले देणाऱ्यांनी मे महिन्यात परभणीला पाच वाजता अंगणात खुर्ची टाकून बसून बघावं.

आपल्याकडे पाहुणा बाहेर रमेल की नाही हे माळा-फुलांवर ठरत नाही. त्याच्या तोंडावर ऊन आहे का आणि बुडाखालची फरशी तापलेली आहे का, यावर ठरतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. बहुतेक लोक शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि संध्याकाळी सगळ्यांना उठवून घरात नेतात.

१. जागा ठरवणं

शक्य असेल तर घराच्या पूर्वेला बसा. दुपारनंतर घराचीच सावली पडते आणि निम्मं काम फुकटात होतं. अंगण पश्चिमेला असेल किंवा गच्चीवरच बसायचं असेल, तर पुढचं सगळं वाचा.

२. वरचा मांडव

बल्ल्या किंवा दीड इंची लोखंडी पाइप, वर जाळी. उंची नऊ फुटांच्या खाली नको, नाहीतर जाळीखालची गरम हवा डोक्यावर बसते. ७५ टक्क्यांची जाळी पुरते. काळी जाळी घेऊ नका, ती स्वतः तापते. हिरवी चालते, पांढरी मिळाली तर सगळ्यात उत्तम. जाळीवर कडुनिंबाचे डहाळे किंवा पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पसरल्या तर खाली फारच बरं वाटतं. मात्र डहाळे दोन दिवसांत वाळून पानं गळायला लागतात, तेव्हा ते पाहुणे यायच्या दिवशीच सकाळी टाकायचे.

खांबांबद्दल एकच ताकीद. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नुसता खड्डा करून त्यातच निघालेली माती परत लोटली तर महिन्याभरात खांबाभोवती बोट जाईल एवढी फट पडते. दोन फूट खोल जा, काळी माती बाहेर टाका, मुरूम आणि दगड घालून पहारीनं ठासा. काँक्रीट करणार असाल तर खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा. वर पसरट राहिलं की पावसाळ्यात फुगणारी माती ते काँक्रीट खांबासकट उचलते. गच्चीवर खड्डे नकोतच. रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात पाइप उभा करा आणि पाइपची वरची टोकं एकमेकांना आडव्या पाइपांनी बांधा.

३. पश्चिमेचा पडदा

सगळं अडतं ते इथे. मला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यानं खाल्ला, आणि मांडव टाकून देणारे याबद्दल कधीच काही सांगत नाहीत.

मांडव म्हणजे डोक्यावरची सावली. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमारास असतो. त्या वेळी मांडव चोख काम करतो, पण त्या वेळी अंगणात कोणी बसलेलं नसतं. पाहुणे येतात पाच-साडेपाचला आणि मे महिन्यात सूर्य मावळतो सातच्या आसपास. पाच वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की नऊ फूट उंच मांडवाखालून ऊन अठरा-वीस फूट आत येतं. सहा वाजता ते पस्तीस फुटांच्याही पुढे जातं. तुमचा मांडव पंधरा बाय पंधराचा असेल तर वर जाळी असूनही खाली प्रत्येकाच्या डोळ्यांत ऊन. लोक खुर्च्या सरकवत राहतात, बोलणं तुटतं, आणि घरधनी म्हणतो, “चला, आतच बसू.”

तेव्हा मांडवाला वरच्या जाळीशिवाय एक उभी बाजू लागते, ती पश्चिमेची. ही बाजू नेमकी कुठे उभी करायची यात दुसरी मेख आहे. दिवाळीत सूर्य पश्चिमेच्या डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे झुकून मावळतो. मे महिन्यात तो उजवीकडे, उत्तरेकडे सरकलेला असतो. हिवाळ्यात उभं राहून जागा आखली की उन्हाळ्यात पडदा एकीकडे आणि ऊन दुसरीकडे. म्हणून आखणी उन्हाळ्यातच करा. पाहुणे जिथे बसणार तिथे पाच वाजता आणि परत सहा वाजता खुर्ची टाकून बसा, सूर्य कुठे दिसतो ते बघा आणि त्या दिशेला जमिनीवर चुन्यानं खूण करा. पडदा पश्चिमेच्या पूर्ण बाजूला तर हवाच, शिवाय वायव्येच्या कोपऱ्यावरून वळून उत्तरेच्या बाजूला तीन-चार फूट यायला हवा. त्या कोपऱ्यातून येणारं सहाचं ऊन फार चिवट असतं.

आता पडदा कशाचा? ताडपत्री नको. प्लास्टिकचा फ्लेक्स नको. जुन्या बॅनरचा तर अजिबात नको. दुपारनंतरचा वारा बहुधा पश्चिमेकडूनच येतो, आणि बंद कापड तिथे लावलं की ते होडीच्या शिडासारखं फुगतं. एकतर दोऱ्या तुटतात, नाहीतर खांबच कलतो. टिकलं तरी वारा अडतो आणि आत कोंडलेली हवा बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट. नुसती हिरवी जाळी एकेरी लावली तर वारा येतो, पण समोरून येणारं उतरतं ऊन तीतून सरळ आत दिसतं.

तट्टे घ्या. गावात बुरूड असतील तर त्यांच्याकडून बांबूच्या कांबींचे विणून आणा. बाजारात आयत्या मिळणाऱ्या गुंडाळायच्या पडद्यांपेक्षा ते जाड असतात, दोन-तीन उन्हाळे जातात आणि पैसे गावातच राहतात. शेत असेल तर तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) किंवा पऱ्हाट्यांचा कूड बांधा, तो तर त्याहून छान. ऊन अडतं, वारा झिरपत येतो, आणि दिसायलाही आपल्या अंगणाला तोच शोभतो. तुराट्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी तीन ठिकाणी आवळायच्या. माती लिंपायची नाही. लिंपला की तो भिंत झाला, पडदा राहिला नाही.

माप असं ठेवा. मांडव नऊ फुटांवर, पडदा जमिनीपासून एक फूट वर सुरू होऊन आठ फुटांवर संपणारा. खालच्या फटीतून वारा येतो, वरच्या फटीतून गरम हवा निघून जाते. वरच्या फटीतून ऊन येऊ नये म्हणून पडदा मांडवाच्या कडेच्या दोन फूट आत उभा करा. मांडवाची ती दोन फुटांची वळचणच ऊन अडवते. हे दोन फूट बहुतेक लोक सोडत नाहीत. पडदा थेट बाहेरच्या खांबांना बांधतात आणि मग वरून येणारी उन्हाची पट्टी पाहुण्यांच्या कपाळावर.

बांधणी ताठ करू नका. दोरी आणि तट्टा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा एकेक तुकडा घाला. वावटळ आली की ट्यूब ताणते, तट्टा फाटत नाही. खालची बाजू फक्त दोन टोकांना बांधा. पश्चिमेच्या खांबांना बाहेरच्या बाजूनं ताण द्या आणि त्या दोरीला पांढरी चिंधी बांधा, नाहीतर अंधारात पोरं अडखळतात. नायलॉनची दोरी उन्हानं मोसमभरात कुजते, गेल्या वर्षीची वापरू नका.

वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये कधीही येतो. ढग काळे झाले आणि वारा अचानक पडला की पाच मिनिटांत जाळी आणि पडदा उतरवता आला पाहिजे. म्हणून सगळ्या गाठी सरफाशाच्या. तारेनं पिळलेला मांडव वादळात पत्र्यासारखा उडालेला आणि शेजारच्या गाडीवर पडलेला मी पाहिला आहे.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पडदा पाहुणे येताना लावायचा नाही, दुपारी बारालाच लावायचा. शहाबादी किंवा तांदूरची फरशी दिवसभर ऊन पिते आणि रात्री नऊपर्यंत परत देत राहते. दुपारभर सावलीत राहिलेली फरशी आणि उन्हात राहिलेली फरशी यांत पाय टेकवला की फरक कळतो. दिवसभर फरशी तापू देऊन संध्याकाळी कितीही पाणी ओतलं तरी नुसती वाफ आणि उमस होते.

जुन्या वाड्यांच्या चौकात बसलात की हे सगळं आधीच केलेलं सापडतं. पश्चिमेची ओसरी उतरतं ऊन अडवते, चौक दुपारपासून सावलीत जातो. संभाजीनगरला पाणचक्कीच्या वडाखाली भर उन्हाळ्यातही बरं वाटतं, ते दाट सावली आणि शेजारचं पाणी या दोन्हींमुळे.

वाळा, परवडत असेल तर

तट्ट्याच्या आतल्या बाजूनं वाळ्याची ताटी टांगा आणि वरून पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या वाळ्यातून येणारा वारा खरोखर गार होतो. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. एका संध्याकाळी दोन बादल्या पुरतात. वाळा नसेल तर गोणपाटाच्या हातभर रुंदीच्या पट्ट्या, मध्ये फटी ठेवून. अखंड गोणपाट भिजवलं की वारा बंद होतो. मेच्या शेवटी आभाळ भरायला लागलं की हे थांबवा, तेव्हा ओल्यानं घुसमटच वाढते.

४. जमीन

मातीचं अंगण असेल तर सारवा, त्यासारखं दुसरं काही नाही. फरशी असेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी हलका सडा. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी किंवा फिल्टरचं वाया जाणारं पाणी यासाठी राखून ठेवा.

हिरवळ लावू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात मे महिन्यात गवताला नळी लावून ठेवणं मला पटत नाही आणि पाहुण्यांपैकी ज्याच्या गावाला टँकर येतो त्यालाही पटणार नाही. प्लास्टिकची हिरवळ तर त्याहून वाईट, दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पांढऱ्या गोट्यांचे आणि दगडांचे ढीग बैठकीजवळ रचू नका. उन्हाळ्यात विंचू असल्याच जागी बसतात.

५. झाडं

एप्रिलमध्ये रोपवाटिकेतून रोपं आणून जमिनीत लावू नका, जगत नाहीत. लावायची ती मृगाच्या पावसानंतर. पश्चिमेच्या त्या पडद्याच्या जागी मधुमालती लावा. दोन-तीन पावसाळ्यांत तिचाच पडदा होतो, मग तट्ट्याची गरज उरत नाही. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी-लाल होत जातात. पाहुणे येतात त्याच वेळी वास सुटतो. कमी पाण्यात बोगनवेल आणि कण्हेर, दोन्हीही तगतात. पण कण्हेर विषारी आहे. लहान मुलं किंवा गुरं असतील तर नको.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी कुंडीतला मोगरा पुरे. चार कुंड्या बैठकीच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे वास लोकांकडे येईल. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास तिथेच होतात.

६. बैठक

बाज, सतरंजी, जाजम, घोंगडी. घरात असेल ते. लोखंडी खुर्च्या दुपारी उन्हात ठेवू नका. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन खुर्च्या पाठीच्या हव्यात, त्या पडद्याजवळ. बाजेवर पांढरी चादर टाका, गडद रंग तापतात. सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे राहतील अशी मांडणी केली की उरलंसुरलं ऊनही पाठीवर जातं.

७. उजेड

पिवळे दिवे, पांढरे नको. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात. एक मोठा दिवा बैठकीपासून लांब, कुंपणाजवळ लावा म्हणजे किडे तिकडे जातील. चपला काढतात तिथे आणि पायवाटेवर खाली जमिनीलगत उजेड हवाच, विंचवासाठी. डासांना पायांच्या उंचीवर ठेवलेला टेबलफॅन धुरापेक्षा चांगला पळवतो.

८. खाणं-पिणं

माठ दोन, आदल्या दिवशीच भरून सावलीत, वाळ्याची जुडी आत. पन्हं, मठ्ठा, आंब्याची डाळ. टरबूज कापून झाकून ठेवा, उघडं नको. जेवण ठेवायचं असेल तर धपाटे-दही आणि सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ). दोन्ही गार झालं तरी चालतं, यजमानाला चुलीपुढे अडकावं लागत नाही. केशर आंबा आला असेल तर रस सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर.

मोसम संपल्यावर

मृग लागायच्या आधी जाळी काढा, धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवा. तट्टे पावसात एकदा भिजले की काळे पडतात. ते आडवे रचू नका, भिंतीला उभे टेकवा आणि खाली दोन विटा द्या, म्हणजे वाळवी लागत नाही. तुराट्यांचा कूड मात्र सोडून जळणात घाला, पुढच्या वर्षी नवीन तुराट्या येतातच.