आधी उतार शिका, मग आल्प्सचं तिकीट काढा

रविवारी सकाळी खडकवासल्याला चहा पिताना आमच्यात कुणीतरी हमखास म्हणायचं, "एकदा आल्प्स करू या." चार वर्षं हे नुसतंच चाललं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही सात जण खरंच फ्रान्सच्या आल्प्समध्ये सायकल चालवायला गेलो. मी कर्वेनगरची, वय त्रेपन्न, बँकेत नोकरी, त्यामुळे हिशेब आणि कागदपत्रं आपोआप माझ्या गळ्यात. परत आल्यापासून जो तो विचारतो, तयारी काय केलीत? एकदाच लिहून टाकते.

तारखेवरून पहिलं भांडण होईल, होऊ द्या. जुलैत तिथे गर्दी आणि ऊन, मेमध्ये वरच्या खिंडी बर्फामुळे बंद असू शकतात, म्हणून आम्हाला सप्टेंबरचा पहिला आठवडा हवा होता. पण पुण्यातल्या माणसाला सप्टेंबर म्हटलं की आधी गणपती आठवतो. त्या वर्षी गणपती १९ तारखेला बसले म्हणून निभावलं. तुम्ही आधी कालनिर्णय बघा, मग विमान.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. शेवटच्या मुदतीची वाट बघणाऱ्याला गटात घेऊ नका. फी आता ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण आकडा बघून सही करू नका. डोंगरातली सायकलिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात बसते का, ते बारीक अक्षरांत शोधा. आमच्या पहिल्या पॉलिसीत "साहसी खेळ वगळून" असं शेवटच्या पानावर होतं. बदलून घेतली.

आता चढ. आम्ही मुक्काम केला बूर द्वाझाँ या गावात, कारण आल्प द्युएझचा घाट तिथूनच सुरू होतो. १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ, एकवीस वळणं. १९५२ साली टूर द फ्रान्स शर्यतीत इटलीचा फाउस्तो कोप्पी इथे जिंकला तेव्हापासून हा घाट सायकलवाल्यांची पंढरी झाला आहे. वळणांना उलटे आकडे आहेत, खाली २१, वर १, आणि पाट्यांवर विजेत्यांची नावं. पुणेकराला समजेल अशा भाषेत सांगायचं तर गोळेवाडीपासून सिंहगड जेवढा चढतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट, मध्ये न थांबता. त्यात सुरुवातीचे दोन किलोमीटरच सगळ्यांत वाईट. तिथे दम लावलात तर पुढचे बारा किलोमीटर फेडत बसाल.

म्हणून आमचा सराव असा होता: बुधवारी ऑफिसच्या आधी बोपदेव घाट, शनिवारी लांब पल्ला, रविवारी डबल सिंहगड. शनिवार-रविवार लागोपाठ हे महत्त्वाचं, कारण तिथे रोज चढायचं असतं आणि दुसऱ्या दिवशीचे पाय कसे लागतात ते आधी कळलेलं बरं. महिन्यातून एकदा वाईहून पसरणी घाट, एका लयीत तासभर पॅडल मारायला. पावसाळ्यात सिंहगडावर दरडी कोसळतात, रस्ता मध्येच बंद होतो, तेव्हा आधी चौकशी करा. शनिवार-रविवारी उजाडायच्या आत वर पोचा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत अडकाल.

उंचीचा सराव मात्र इथे होत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. तिथली गालिबिएची खिंड २६४२. वर थोडी धाप लागते, वेग आपोआप कमी होतो, घाबरू नका.

गिअरच्या बाबतीत अहंकार पुण्यात ठेवून जा. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच रोड बाइकना मागे सगळ्यांत मोठं चक्र २८ दात्यांचं असतं. तिथे ते पुरत नाही. पुढे ३४, मागे ३४ असं घ्या, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. आमच्यातला सगळ्यांत तरुण म्हणाला, "एवढा हलका गिअर? लाजच वाटते." सोळाव्या वळणावर तोच गिअर शोधत होता. मला त्या घाटाला एक तास बावन्न मिनिटं लागली आणि अजिबात लाज वाटली नाही.

एवढी तयारी सगळेच करतात. उताराची कुणी करत नाही.

आम्ही सायकली तिथेच भाड्याने घेतल्या. माझ्या पुण्यातल्या सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, तिथल्या सायकलीचा डाव्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुकानाच्या दारातच मी सवयीने डावा ब्रेक दाबला, मागचं चाक उचललं गेलं आणि मी हँडलवर आडवी. वेग नव्हता म्हणून फक्त हसं झालं. बुकिंग करतानाच ब्रेक अदलाबदल करून मागा. ते जमत नसेल तर पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंगमध्ये चकरा मारा, हात शिकेपर्यंत घाटात जाऊ नका. वाहतूकही उजवीकडून. सगळ्यांत मोठा धोका सकाळी पहिल्यांदा रस्त्यावर येताना आणि डावीकडे वळताना. चौकातल्या गोलात आधीच शिरलेल्याला जाऊ द्यायचं, तो आपल्या डावीकडून येतो. आमच्या नळ स्टॉपवर हा नियम सांगून बघा.

उताराचा सराव सिंहगडावरच होतो. वर झुणका-भाकर खाऊन दुचाकीवाल्यांशी शर्यत लावत खाली यायची सवय आधी मोडा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. सतत दाबून धरायचा नाही, थोडा दाबायचा, सोडायचा. वळणात बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, त्याच पायावर वजन. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही, वळण जिथे संपतं तिथे. हे आम्ही तीन रविवार एकेका वळणावर थांबून घोटलं. ओल्या रस्त्यावर हेच निम्म्या वेगाने, आणि पावसाळ्यातला सिंहगड त्यासाठी उत्तम मास्तर आहे.

उतारावर थंडी वाजते, हे पुण्यात बसून पटत नाही. हजार मीटरला साधारण सहा अंश धरा. बूर द्वाझाँ ते गालिबिए म्हणजे खालच्यापेक्षा बाराएक अंश कमी, वर घामाने भिजलेली जर्सी आणि समोरून वारा. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवेत. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायची जुनी युक्ती अजून चालते. पुढे-मागे दिवेही लावा, कारण गालिबिएच्या आधी लागणाऱ्या लोतारे खिंडीच्या वाटेवर बोगदे आहेत.

लोतारेवरूनच आमचं बिनसलं. बूर द्वाझाँपासून ही खिंड अडतीसएक किलोमीटर. तिघं पुढे गेले आणि वर वाऱ्यात पंचावन्न मिनिटं कुडकुडत उभे राहिले. सगळ्यांत मागे असलेल्या वहिनी, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत म्हणून, पाणी प्यायलाही थांबल्या नाहीत. त्या वर पोचल्या तेव्हा कुणी काही बोललं नाही, तेच वाईट. गालिबिए तिथून साडेआठ किलोमीटरवर होती, त्या दिवशी आम्ही गेलोच नाही. रात्री जेवताना फक्त काट्या-चमच्यांचा आवाज.

मग नियम केले, जे खरं तर पुण्यातच करायला हवे होते. खिंडीवर कुणी कुणाची वाट बघायची नाही, फोटो काढायचा आणि जाकीट चढवून पुढच्या गावातल्या ठरलेल्या कॅफेत बसायचं. रोज एक जण पाळीने शेवटच्या माणसाबरोबर राहणार, आणि त्याने घड्याळ बघायचं नाही. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. उतारावर दोघांत अर्ध्या मिनिटाचं अंतर. तुम्ही हे चार नियम ताम्हिणीत एकदा वापरून बघा, कोण पाळत नाही ते लगेच कळेल. दोन दिवसांनी आम्ही गालिबिए केलीच. वहिनी शेवटच्याच आल्या, पण वाटेत दोनदा कॉफी पिऊन.

पैशासाठी एकच सामायिक कार्ड, आणि रोजचा हिशेब झोपायच्या आधी. आपत्कालीन नंबर ११२, तो फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगटासकट. स्वतःचं पॅडल आणि सीट नेणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. पंक्चर काढल्यावर हवा भरायचे गॅसचे छोटे सिलिंडर विमानात नेण्यापेक्षा तिथेच घ्या. पॉवर बँक केबिन बॅगेत.

खाण्याचं सांगते. गावातली हॉटेलं दुपारी बारा ते दोन जेवण देतात, त्यानंतर पोचलात तर उपाशी. म्हणून खिशात काहीतरी हवंच. दुधाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच. खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि बाकरवडी नेली. बाकरवडी सात जणांत दोन किलो होती, तिसऱ्या दिवशी संपली. तीन किलो न्या.