पंपवरून उतरताना रोटेम: आधी काय बघायचं, मग काय द्यायचं

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनवरून (पंपवरून) पेशंट सुटला आणि रक्त थांबेना, की सवयीने मागवलं जातं ते ठरलेलं: चार एफएफपी (गोठवलेला ताजा प्लाझ्मा), चार प्लेटलेट, वर प्रोटामिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा उतारा) आणखी एक डोस. यातलं बरंचसं त्या पेशंटला लागतच नसतं. पण पीटी-एपीटीटी या गोठण तपासण्यांचा रिपोर्ट लॅबमधून येईपर्यंत हातावर हात ठेवून कोण बसणार? रोटेम या गोठण तपासणाऱ्या यंत्रावर गुठळी कशी बनतेय ते ओटीतच दिसतं आणि कामाचे आकडे दहा-पंधरा मिनिटांत मिळतात. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या १२ रुग्णालयांत ७४०२ पेशंटवर झालेली ट्रायल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोटेम आणि प्लेटलेटच्या तपासणीवर बेतलेला क्रम पाळल्यावर लाल पेशी आणि प्लेटलेट कमी द्याव्या लागल्या, मोठे रक्तस्रावही घटले. प्लाझ्माच्या वापरात मात्र फरक पडला नाही. यंत्र विकत घेतलं म्हणजे झालं असं नाही. पाळायचा असतो तो क्रम.

नमुना कधी घ्यायचा, इथेच निम्मं काम आहे. प्रोटामिन देऊन, रक्त वाहतंय हे बघून मग नमुना घेतला तर उशीर झालेला असतो. रीवॉर्मिंग (पेशंटला पुन्हा ऊब देणं) सुरू असताना, महाधमनीवरचा क्लॅम्प निघण्याच्या सुमारास पहिला नमुना लावा. एक्सटेम (एकूण गोठण) आणि फिबटेम (फक्त फायब्रिन) या रोटेमच्या चाचण्यांच्या रसायनात हेपरिन निष्प्रभ करणारा घटक असतो, त्यामुळे पंपवर असतानाही हे दोन्ही आलेख वाचता येतात. इनटेम तेव्हा लावू नका, हेपरिनमुळे तो सपाटच येणार. दुसरा नमुना प्रोटामिननंतर दहा मिनिटांनी. त्यात इनटेम आणि हेपटेम (तीच चाचणी, पण हेपरिन निष्प्रभ करून) जोडीने लावा.

आर्टेरियल लाइनमधून घेताना पहिलं ५ ते १० मिली रक्त बाजूला काढा, नाहीतर फ्लशमधलं हेपरिन नमुन्यात येतं. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरा. रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण नवास एक असतं. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं, सीटी (गोठण सुरू व्हायला लागणारा वेळ) खोटाच लांबतो आणि पेशंटला विनाकारण एफएफपी जातं. भरल्यावर चार-पाच वेळा अलगद उलटी-सुलटी करा. खळखळून हलवायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

आकड्यांकडे वळण्याआधी पेशंटकडे बघा. तापमान ३६ अंशांच्या वर, पीएच ७.३ च्या आसपास, आयोनाइज्ड कॅल्शियम १ मिलिमोलच्या वर हवं. यंत्र नमुना ३७ अंशांवर तपासतं आणि त्यात कॅल्शियम स्वतःच घालतं. म्हणजे पेशंट ३४ अंशांवर गारठलेला असला तरी आलेख झकास येऊ शकतो. या दोन गोष्टी यंत्र कधीच सांगणार नाही.

आता क्रम. पहिली अट: शस्त्रक्रियेच्या जागी रक्त झिरपतंय का? झिरपत नसेल तर आकडा कितीही वाईट असो, काही देऊ नका.

झिरपत असेल तर आधी हेपरिन बघा. इनटेमचा सीटी हेपटेमच्या सीटीपेक्षा सव्वापटीहून जास्त असेल तर हेपरिन शिल्लक आहे. २५ ते ५० मिग्रॅ प्रोटामिन सावकाश द्या. दोन्ही सारखेच लांबले असतील तर हेपरिनचा दोष नाही, तिथे आणखी प्रोटामिन घालू नका. जादा प्रोटामिन स्वतःच गोठण बिघडवतं. एसीटी (हेपरिनवर नजर ठेवायची ओटीतली गोठण-चाचणी) थोडा वाढलेला दिसला की प्रोटामिन, ही सवय म्हणूनच महागात पडते. रक्त पातळ झाल्याने, गारठ्याने आणि प्लेटलेट घटल्यानेही एसीटी वाढतो.

मग फिब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळीचं फायब्रिनचं जाळं बनतं ते प्रथिन. फिबटेममध्ये प्लेटलेटचं काम रसायनाने थांबवलेलं असतं, त्यामुळे उरते ती फक्त फायब्रिनची ताकद. ए१० हा आकडा (गोठण सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी गुठळीची ताकद) ८ ते १० मिमीच्या खाली असेल तर क्रायो (फिब्रिनोजेन भरपूर असलेला प्लाझ्माचा भाग) द्या, मोठ्या माणसाला साधारण १० युनिट, किंवा फिब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेट ४ ग्रॅम. हार्ट सर्जरीनंतर रक्तस्राव होणाऱ्या पेशंटमध्ये दोन्हींची तुलना फायब्रेस ट्रायलने केली (२०१९) आणि कॉन्सन्ट्रेट क्रायोपेक्षा कमी पडलं नाही. आपल्याकडे किंमत बघता बहुतेक ठिकाणी क्रायोच निघतं. ते वितळायला वेळ लागतो, म्हणून पंपवरच्या नमुन्यात फिबटेम खाली दिसला की लगेच ब्लड बँकेला फोन करा.

फिबटेम बरा आणि एक्सटेमचा ए१० चाळिशीच्या खाली, तर कमतरता प्लेटलेटची आहे: एक एसडीपी (एकाच दात्याचे प्लेटलेट). दोन्ही खाली असतील तर आधी फिब्रिनोजेन भरा, मग पुन्हा तपासा; कित्येकदा एक्सटेम आपोआप वर येतो आणि प्लेटलेट वाचतात. एक्सटेमचा सीटी ८०-९० सेकंदांच्या पुढे गेला तरी हाच नियम, कारण फिब्रिनोजेन फार कमी असलं की सीटीही लांबतो. ते भरून काढल्यावरही लांबच राहिला तर एफएफपी, किलोमागे १० ते १५ मिली. त्याहून कमी दिलं तर घटक फारसे वाढत नाहीत, नुसतं पाणी वाढतं.

एक मोठी आंधळी जागा: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा परिणाम एक्सटेमला दिसत नाही. रसायनातून होणारं थ्रॉम्बिन प्लेटलेटना दुसऱ्या वाटेने जागं करतं. अँजिओप्लास्टीच्या टेबलावरून थेट बायपासला आलेल्या पेशंटचा आलेख म्हणूनच निर्दोष दिसतो आणि छाती मात्र ओलीच राहते. तिथे प्लेटलेटची वेगळी तपासणी हवी. ती नसेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते विचारून ठरवा.

प्रत्येक उपचारानंतर दहा-पंधरा मिनिटांनी नवा नमुना लावा. आणि सगळे आकडे ठीक, तापमान ठीक, गोळ्याही चालू नव्हत्या, तरी आयसीयूत ड्रेनमधून तासाला चारशे-पाचशे मिली येतंय? मग एफएफपीची पिशवी लावत बसू नका, सर्जनला बोलवा. कुठेतरी टाका सुटलाय.