डिस्क ब्रेकचा चिरका आवाज घालवताना

मोटारसायकलचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चिरका आवाज येऊ लागतो आणि बहुतेक जण थेट स्पेअर पार्टच्या दुकानाची वाट धरतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, पकडणाऱ्या पॅडवर अजून पुरेसा घासणारा माल शिल्लक असेल, तर हा खर्च बऱ्याचदा वाया जातो. पॅड डिस्कवर एकसारखा न घासता क्षणाक्षणाला धरतो आणि सोडतो, त्या बारीक थरथरीने आवाज निर्माण होतो. आणि ही थरथर बहुधा पॅडवर बसलेल्या तेलकट थरामुळे, त्यावर आलेल्या चकाकीमुळे किंवा पॅड धरून ठेवणारा कॅलिपर कोरडा पडल्यामुळे सुरू होते. ते कारण तसेच राहिले, तर नवे पॅडही थोड्याच दिवसांत वाजू लागतात.

आधी आवाज ओळखावा. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक वाजले आणि नंतर आवाज गेला, तर तो केवळ ओलाव्याचा असतो आणि त्यावर काही करावे लागत नाही. धातूवर धातू घासल्यासारखी खरखर येत असेल, तर मात्र गाडी चालवू नये, कारण पॅडचा माल संपून मागची लोखंडी पट्टी डिस्क खात असते. टॉर्चच्या उजेडात पॅडवरची झीज दाखवणारी खाच पाहावी; ती नाहीशी होत आली असेल, तर पॅड बदलण्याला पर्याय नाही.

कोल्हापुरात सततच्या चिरक्या आवाजामागे एक कारण नेहमी तपासावे, ते म्हणजे वॉशिंग. गाडी धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून तिच्यावर डिझेलचा किंवा ऑइलचा फवारा मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि त्यातले चार थेंब डिस्कवर गेले, तरी ब्रेक वाजतो आणि पकडही कमी होते. गाडी धुवायला देतानाच फवारा नको, असे स्पष्ट सांगावे. मागच्या चाकाला डिस्क असल्यास चेनवर मारलेल्या स्प्रेचाही हाच परिणाम होतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या रस्त्यांवरचा चिखल आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांतली धूळ कॅलिपरच्या सांध्यांत साचते, तर पन्हाळ्याहून उतरताना गिअर न वापरता ब्रेक सतत दाबून धरला, तर पॅड तापून त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते.

दुरुस्तीसाठी गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि डिस्क पूर्ण थंड होऊ द्यावी. पॅड अडकवणारी पिन कॅलिपर जागेवर असतानाच एलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, सैल करावी, कारण कॅलिपर हातात आल्यावर तिला जोर लावता येत नाही. मग बोल्ट काढून कॅलिपर सोडवावा. तो पाइपवर लोंबकळत न ठेवता सुतळीने वर बांधावा आणि या अवस्थेत लिव्हर चुकूनही दाबू नये, नाहीतर पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन पूर्ण बाहेर येईल. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरला ताण बसणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

कॅलिपरमधून थोडा बाहेर दिसणारा पिस्टन साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ केल्याशिवाय आत ढकलू नये, कारण त्याच्यावरची घाण रबरी सीलमध्ये जाते. पिस्टन आत जाताना वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल चढते; ते रंगावर सांडले, तर रंग उडतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. कॅलिपरच्या सरकत्या पिना बोटाने सहज मागेपुढे व्हायला हव्यात. त्या अडत असतील, तर पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने, पेट्रोलने किंवा डिझेलने रबर फुगते.

पॅडवर नुसती चकाकी असेल, तर सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर पॅड हलक्या हाताने फिरवावा आणि पृष्ठभाग निस्तेज, एकसारखा दिसू लागताच थांबावे. कडा टोकदार असल्यास कानशीने किंचित तिरक्या कराव्यात. ही धूळ फुंकू नये, तोंडाला मास्क लावावा. तेल आत मुरलेले पॅड मात्र टाकून द्यावेत. गॅसवर जाळून ते सुधारण्याची युक्ती फसवी आहे, कारण त्या उष्णतेने माल पट्टीपासून सुटू शकतो. डिस्कही ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कापडाने पुसावी आणि त्यानंतर तिला बोट लावू नये.

सगळे बसवल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा. ही पायरी विसरली, तर पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून १० पर्यंत वेग आठ-दहा वेळा उतरवावा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा आणि पूर्ण थांबून ब्रेक दाबून धरू नये.

एवढे करूनही आवाज राहिला आणि लिव्हर बोटांखाली धडधडत असेल, तर डिस्क वाकडी झाली आहे का, हे पाहावे. उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक भागात लेथ हाताशी असल्याने डिस्कला कट मारून, म्हणजे तिचा पृष्ठभाग तासून सपाट करून, घेण्याचा मोह होतो, पण मोटारसायकलची डिस्क मुळातच पातळ असते. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ ती आली असेल, तर नवीच बसवावी.