सांगलीत खरेदीदारांची बैठक भरवताना

व्यापारी बैठकीची तयारी बहुधा हॉल शोधण्यापासून सुरू होते, आणि पहिली गफलत तिथेच होते. त्याआधी कागदावर एकच वाक्य लिहावे: बैठक संपेपर्यंत नेमका कोणता निर्णय झालेला असला पाहिजे? ‘हळद खरेदीदारांशी सुसंवाद’ असे लिहून काहीच ठरत नाही. ‘येत्या हंगामात किती ओलाव्यापर्यंतचा माल स्वीकारायचा आणि पैसे किती दिवसांत द्यायचे, हे शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी व खरेदीदार यांच्यात ठरवणे’ असे लिहिले, की कोणाला बोलवायचे, किती वेळ लागेल आणि कोणते कागद आधी पाठवायचे, हे त्या वाक्यातूनच उलगडत जाते. असे वाक्य सुचत नसेल तर संबंधितांशी फोनवर बोलून घ्यावे. हॉलचे भाडे तरी वाचेल.

तारीख ठरवताना बाजाराचा अंदाज आधी घ्यावा. नव्या हळदीची आवक साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत जोरात असते आणि बेदाण्याचा हंगामही त्याच सुमारास भरात येतो. त्या काळात सौदे सोडून अडते किंवा खरेदीदार मार्केट यार्डाबाहेर दोन तास बसतील, अशी अपेक्षा धरू नये. हंगामातील अटी ठरवायच्या असतील तर डिसेंबर-जानेवारी उत्तम, आणि ऐन हंगामात बसणे भागच असेल तर सौदा नसलेला दिवस बाजार समितीकडे चौकशी करूनच पक्का करावा. थंडीतील बैठक मात्र उन्हे असतानाच संपवावी, कारण उसाचे गाळप चालू असते आणि अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांमागून गाडी हाकत परतणे बाहेरगावच्या पाहुण्यांना नकोसे होते.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळावा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेच्या पुराचे पाणी शहरात शिरले होते, आणि २०१९ मध्ये तर कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गही काही दिवस बंद होता. त्या दिवसांत बैठक पुढे ढकलणे शक्यच नसेल, तर नदीकाठापासून दूर, मिरज किंवा कुपवाडच्या बाजूचा हॉल घ्यावा आणि पाणी वाढू लागल्यास कोणत्या दिवशी रद्दचा निरोप जाईल, हे निमंत्रणातच लिहावे. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज जंक्शन सोयीचे पडते. तिथे उतरणाऱ्यांसाठी गाडी ठरवून चालकाचा क्रमांक आदल्या दिवशी कळवावा.

हॉल पाहायला जाताना जागा, पार्किंग आणि जनरेटर सगळेच विचारतात. मालाचे नमुने दाखवायचे असतील तर त्याहून महत्त्वाचा प्रश्न उजेडाचा आहे. मंगल कार्यालयातील पिवळ्या दिव्यांखाली हळदीचा रंग आहे त्याहून गडद वाटतो आणि बेदाण्याची हिरवट झाक ओळखू येत नाही. एकदा का खरेदीदाराच्या मनात रंगाविषयी शंका आली, की पुढची सारी चर्चा त्या शंकेभोवतीच फिरत राहते. म्हणून मोठ्या खिडक्यांची खोली घ्यावी, नमुन्यांचे टेबल खिडकीशी लावावे, प्रत्येक नमुन्यावर लॉट क्रमांक घालावा आणि त्याच क्रमांकाचा प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव लावू देणारी नोंदणी, मिळाले आहे. त्या नावाने माल विकायचा असेल तर उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, तेव्हा ती प्रमाणपत्रेही टेबलावर असावीत. वीस-पंचवीस जणांसाठी खुर्च्या इंग्रजी यू अक्षराच्या आकारात मांडाव्यात. व्यासपीठ उभारले की अर्धे लोक श्रोते होऊन बसतात.

बैठक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा असेल तर कायद्याचे बंधन येते. सामान्य कंपनीला पूर्ण एकवीस दिवसांची सूचना द्यावी लागते, म्हणजे सूचना पोहोचल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस त्यात मोजायचे नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनीसाठी ही मुदत किमान चौदा दिवसांची आहे आणि तिच्या नियमावलीत जास्त संख्या सांगितलेली नसेल, तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश उपस्थितीने गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होते. चारशे सभासद असतील तर शंभर माणसे प्रत्यक्ष यायला हवीत, म्हणून छापील सूचनेवर विसंबून न राहता गावागावांतून निरोप द्यावा.

कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत मोठा धोका सत्काराचा असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, हारतुरे आणि ऐनवेळी आलेल्या लोकप्रतिनिधींचे मनोगत यांत पहिला तास सहज जातो, आणि मूळ विषय निघेपर्यंत भाताचा वास दरवळू लागतो. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले आणि जे गाव नाट्यपंढरी म्हणवते, तिथे पडदा वेळेवर उघडायचा संस्कार सभांना का लागू नये, हे कळत नाही. स्वागत दहा मिनिटांत आटोपावे, सत्कार करायचेच असतील तर ते निर्णय झाल्यावर करावेत, आणि ही अट सूत्रसंचालकाला एकट्यात नव्हे, तर ज्यांचा सत्कार आहे त्यांच्यासमोरच सांगून ठेवावी. पैशांच्या मुदतीसारखा वादाचा विषय जेवणापूर्वी घ्यावा. पंगत उठल्यावर लोक पेंगतात, नाहीतर सरळ घरची वाट धरतात.

जेवणाचा बेत साधा ठेवावा, पण पाहुण्यांविषयी आधी विचारावे. या भागातील व्यापारात जैन मंडळी बरीच आहेत, त्यामुळे कांदा, लसूण आणि बटाटा नसलेले पदार्थ वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पळीने वाढण्याची व्यवस्था करावी, आणि त्यांच्यातील अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत हे लक्षात घेऊन संध्याकाळचे जेवण लवकर लावावे. एकादशी असेल तर उपवासाचे पदार्थ हवेतच. कार्यक्रम मोकळ्या मैदानात असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढावी. रात्री दहानंतर तो बंद करावाच लागतो.

इतिवृत्त लिहिणारी व्यक्ती आधीच नेमावी आणि तिच्यावर दुसरे कोणतेही काम टाकू नये. प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार माणसाचे नाव आणि तारीख लिहावी, आणि उठण्यापूर्वी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे, कारण ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ ही तक्रार तिथल्या तिथे मिटते. त्याच संध्याकाळी निर्णयांचे एक पान सर्वांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावे आणि नमुने नेलेल्या प्रत्येक खरेदीदाराला आठवडाभरात फोन करून लॉट क्रमांकासह त्याचा दर विचारावा.